तिसऱ्या बाजाराचे डॉक्टर

निमकर डॉक्टर आसनगावला कधीच उतरले नाहीत. शहापूरला यायचं तर आसनगाव जवळ, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण हे मुंबईचे एवढे मोठे हृदयाचे डॉक्टर, कॉलेजात प्रोफेसर, ते एक स्टेशन पुढे आटगावला जाऊन उतरायचे आणि मग जीपमध्ये दाटीवाटीने बसून तेवढंच अंतर मागे यायचे. मी एकदा विचारलं, हा काय उलटा धंदा? तर म्हणाले, "सिस्टर, आसनगावला उतरलो की कोणीतरी ओळखीचं भेटतं. चहा होतो. मग त्यांच्या मेव्हण्याचा ईसीजी बघावा लागतो. आटगावला मला कोण ओळखतंय?"

हे पहिल्या वर्षी खरं असेल. पुढे आटगावचे जीपवालेही त्यांना गाडीतच सदऱ्याची बटणं सोडून छाती दाखवायला लागले. तरी ते तिथेच उतरायचे. एकदा धरलं की सोडायचं नाही, असा माणूस.

मी तेव्हा उपकेंद्रात नर्स होते. शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव, मंगळवारचा बाजार, दोन खोल्यांचं उपकेंद्र आणि त्यात मी. आमच्या बौद्धवाड्यातली सरकारी नोकरीला लागलेली पहिली मुलगी मीच, त्यामुळे तोंड आधीपासून तिखट. कोणी काही बोलायच्या आत मीच बोलून मोकळी व्हायची. डॉक्टरांशीही तशीच बोलले, आणि मला वाटतं त्यामुळेच आमचं जमलं. गोड बोलणारी माणसं त्यांच्याभोवती मुंबईत ढिगाने होती.

ते आमच्याकडे का आले, ते सांगते. आमच्या वाड्यापाड्यांवर पोरांचा घसा दुखायचा, ताप यायचा, मग गुडघे-कोपरे सुजायचे. आठ-पंधरा दिवसांत पोर बरं होऊन हुंदडायला लागायचं आणि सगळे विसरून जायचे. पण तो ताप आत काळजाच्या झडपेला धरलेला असायचा. पाच-सात वर्षांनी तेच पोर धापा टाकत मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात, निमकर डॉक्टरांच्या वॉर्डात जाऊन पडायचं. ऑपरेशनशिवाय इलाज नाही अशा टोकाला. डॉक्टर म्हणायचे, "मला कंटाळा आला हो. केसपेपरवर पत्ता वाचायचो, शहापूर, मुरबाड, शहापूर, मुरबाड. म्हटलं, जाऊन तर बघू कुठे आहे हे."

त्यावर इलाज सोपा होता आणि महाकठीण होता. ज्या पोराला हा ताप एकदा येऊन गेला, त्याला दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनची सुई. एक-दोनदा नाही, वर्षानुवर्षं. पांढरं घट्ट औषध, कमरेला घेतलं की पोर दोन दिवस लंगडायचं. आता सांगा, ज्या पोराला काही दुखत नाही, खुपत नाही, त्याला दर एकवीस दिवसांनी लंगडं करायला कोणती आई घेऊन येईल?

पहिल्या खेपेला डॉक्टर मोठ्या हौसेने पिवळी कार्डं छापून घेऊन आले. वर पोराचं नाव, खाली वर्षभराच्या तारखा. पुढच्या तारखेला आम्ही दोघं टेबल मांडून बसलो. बावीस पोरांपैकी तीन आली. डॉक्टर तापले. संध्याकाळी कातकरवाडीवर जाऊन त्यांनी सगळ्यांना चांगलंच झापलं. एका बाईने कार्ड आणून दाखवलं. प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर, वर आढ्याला बांधून ठेवलेलं. इतकं जपून की वर्षभर सोडणार नव्हती. धवळीआजी म्हणून एक म्हातारी होती, ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "तू वरडतंस कशाला रे? तारीख आमाला कुठं म्हायती? बाजार सांग ना. कितव्या बाजाराला येवाचा?"

वाडीवर सगळ्यांनाच तू म्हणतात, तहसीलदार असो नाहीतर देव. पण मी डॉक्टरांकडे बघितलं तर त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता. बोटं मोजत होते. तीन आठवडे, एकवीस दिवस, तीन बाजार. "दर तिसऱ्या बाजाराला," ते म्हणाले, आणि म्हातारीला चक्क हात जोडले.

झालं. त्या दिवसापासून कार्डं गेली आणि बाजार आला. बायका सुतळीला गाठी मारायच्या. पहिला बाजार, दुसरा बाजार, तिसऱ्याला पोराच्या दंडाला धरून उपकेंद्रात. मीठ-मिरचीला गावात यायचंच होतं. खरं तर सुई मी देत होते, डॉक्टरांनी दर वेळी यायची काही गरज नव्हती. पण त्यांनी कॉलेजातल्या आपल्या तासांची उलथापालथ केली आणि तिसरा मंगळवार आमच्या नावाने सोडला. दहा वर्षांवर पाळला. वाडीवर त्यांचं नावच पडलं, तिसऱ्या बाजाराचा डॉक्टर.

बरोबर सहा-आठ शिकाऊ डॉक्टर असायचे. मुंबईची पोरं, पांढरे बूट घालून यायची आणि चिखलाचे घेऊन जायची. डॉक्टर त्यांना वर्गात शिकवतात तसं आमच्या ओसरीवर शिकवायचे. सतरंजीवर बसवायचे, कारण पोर जमिनीवर बसलेलं असतं आणि डॉक्टरने वरून वाकून बघितलं की त्याचं काळीज उगाच धडधडतं, असं त्यांचं म्हणणं. स्टेथोस्कोपची चकती आधी स्वतःच्या काखेत धरून गरम करायचे आणि मगच पोराच्या छातीला लावायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला शिसारी आली होती. नंतर मीही तेच करायला लागले.

एखादा विद्यार्थी इंग्रजीत लांबलचक नाव घेऊन रोग सांगायला लागला की ते हात वर करायचे. "शहाणपणा नको. काय ऐकलंत ते सांगा." हे वाक्य दिवसातून दहा वेळा. कोणी घाई केली तर म्हणायचे, "घाई असेल तर सर्जन व्हा बाबा. इथे बसून ऐकावं लागतं." आणि ऐकताना डोळे मिटून मान डावीकडे कलती करायचे. त्या वेळी बाहेर बाजारात कोंबड्यांवरून भांडण लागलेलं असलं तरी त्यांना त्याचा पत्ता नसायचा.

एकदा मला हाक मारली, "गायकवाड सिस्टर, या इकडे. ऐका." मी म्हटलं, माझं काम सुई टोचायचं, ऐकायचं तुमचं. तर म्हणाले, "आणि मी गेल्यावर वीस दिवस कोण ऐकणार? सरपंच?"

मी बसले. कानात नळ्या घातल्या. आधी नुसतंच धडधड. मग खाली, दोन ठोक्यांच्या मधे, घरघर. मी म्हटलं, शेजारच्या घरात कोणीतरी जात्यावर दळतंय असं वाटतं. विद्यार्थी हसले. डॉक्टर नाही हसले. दुसऱ्या एका पोराच्या छातीवर चकती ठेवली. "आणि हे?" त्यात ठोक्याच्या मागोमाग बारीक फुंकर होती, चूल पेटवताना घालतो तशी. मी तसं सांगितलं. डॉक्टर विद्यार्थ्यांकडे वळून म्हणाले, "पहिल्या पोराची झडप अरुंद, दुसऱ्याची गळकी. तुम्ही तीन पुस्तकं वाचून जे सांगता ते बाईंनी दळून आणि फुंकून सांगितलं." पुढे मुंबईच्या कॉलेजातही ते असंच शिकवतात, असं पोरं सांगायची. मला तेव्हा काय वाटलं ते मी कोणाला सांगितलं नाही. घरी जाऊन आईला मात्र सांगितलं.

दुपारी माझा डबा खायचे. त्यांच्या घरून डबा यायचा, पोळी-भाजी, कोशिंबीर, सगळं शिस्तीत. तो विद्यार्थ्यांना द्यायचे आणि माझ्या भाकरीवर सुक्या बोंबलाची चटणी घेऊन बसायचे. "घरी बोलायचं नाही हं," एवढी एकच तंबी. त्यांच्या घरी मी आयुष्यात गेले नाही. बोलणार कोणाला?

सगळ्यात मोठी पंचाईत दिवाळीनंतर व्हायची. भात झोडून झालं की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जायची ती पावसाच्या तोंडावर परत. मग कसला बाजार आणि कसली सुई? पहिल्या वर्षी आमची सगळी पोरं अशी हातातून गेली. दुसऱ्या वर्षी डॉक्टर म्हणाले, "पत्ते आहेत का भट्ट्यांचे?" पत्ते कसले, पण मी मुकादमांना विचारून विचारून काढले. एका भट्टीवर आम्ही गेलो तर मालकाला वाटलं सरकारी साहेब आले. त्याने पोरांना विटांच्या चळतीमागे पिटाळलं आणि आमच्यापुढे थंड बाटल्या आणून ठेवल्या. डॉक्टर म्हणाले, "बाटल्या नकोत, पोरं द्या." मालक हबकलाच. मग सगळा खुलासा झाला, आणि शेवटी डॉक्टरांनी मालकाचंच ब्लडप्रेशर बघितलं. ते बरंच वाढलेलं निघालं. पुढे तो माणूस दर तिसऱ्या मंगळवारी स्वतः पोरांना रांगेत उभं करायचा.

या सगळ्या पोरांत बुधी मुकणे ही एक. बुधवारी झाली म्हणून बुधी. आठ वर्षांची असताना गुडघे सुजून आली ती आमच्या यादीत लागली. तिची आई चांगुणा बाई मोठी खमकी. दहा वर्षांत तिने बुधीची एक सुई चुकवली नाही. भट्टीवर असली तरी मुकादमाच्या नाकी नऊ आणायची. बुधीची छाती पहिल्यापासून स्वच्छ होती. डॉक्टर म्हणायचे, हिची झडप वाचली, अठरा वर्षांची होऊ दे, अशीच राहिली तर सुई बंद करून टाकू.

बुधी अठराची झाली आणि तिचं लग्न ठरलं. मुलगा मुरबाड तालुक्यातला, सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीवरचा. चांगुणाच्या जिवाला एकच घोर. सुईची पोर म्हणजे आजारी पोर, असं सासरकडच्यांनी म्हटलं तर? गणपतीनंतरच्या बाजाराला ती बुधीला घेऊन आली. "डॉक्टर, आता सांग बंद म्हनून. दिवालीनंतर लगीन हाय."

डॉक्टरांनी काखेत चकती गरम केली, डोळे मिटले, मान कलती केली. बराच वेळ ऐकलं. मग हसले. "स्वच्छ. बंद." चांगुणाने तिथेच पदराला बांधलेला गूळ सोडून सगळ्यांच्या हातावर ठेवला. सवयीप्रमाणे मीही नळ्या कानात घातल्या.

फुंकर होती. अगदी बारीक, पण होती. मी जागा बदलून पुन्हा ऐकलं. होती.

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते विद्यार्थ्यांना सांगत होते की बघा, दहा वर्षांच्या चिकाटीचं हे फळ. चांगुणा रडत होती. हातावर गूळ. आणि मी, जिच्या जिभेला कधी हाड नव्हतं, ती मूग गिळून बसले. म्हटलं, मी कोण? सातवीनंतर शिकले ते नर्सिंगपुरतं. ज्यांनी ऐकायला शिकवलं त्यांनाच सांगू, की तुम्हाला ऐकू आलं नाही?

ते एकवीस दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. भाकरी गोड लागेना. ओल्या हवेचे दिवस, घशाची साथ चालू, आणि त्या पोरीच्या अंगात औषध नाही. पुन्हा ताप आला तर आधीच गळकी झडप पार कामातून जाणार, हे मला त्यांनीच शिकवलेलं. कितीदा वाटलं वाडीवर जाऊन आपणच सुई देऊन यावी. पण चांगुणाला काय सांगून?

तिसऱ्या बाजाराला डॉक्टर आले. मी त्यांना ओसरीवर पाय ठेवू दिला नाही. बाहेर आंब्याखाली नेऊन सांगितलं. एका दमात.

ते म्हणाले, "तुम्हाला वाटलं असेल." मी म्हटलं, "वाटलं नाही, ऐकलं." असे चिडले, असे चिडले! "मग त्या दिवशी तोंड उघडायला काय झालं होतं? दहा वर्षं काय शिकवलं मी तुम्हाला?" मी रडले. लाज वाटते सांगायला, पण रडले.

मग ते एकाएकी शांत झाले. बाजाराकडे तोंड करून उभे राहिले. म्हणाले, "घरची म्हणते, मी टीव्ही फार मोठा लावतो."

त्या दिवशी बाकीच्या पोरांच्या सुया दुपारपर्यंत खोळंबल्या. आम्ही आधी वाडीवर गेलो. बुधीला झोपडीपुढच्या झापाच्या सावलीत बसवून डॉक्टरांनी एका शिकाऊ डॉक्टरणीला ऐकायला लावलं. तिला काही सांगितलं नव्हतं. तिने ऐकलं, आमच्याकडे बघितलं, आणि घाबरत घाबरत म्हणाली, "सर, फुंकर आहे." मग डॉक्टर स्वतः बसले. चकती इकडे ठेवली, तिकडे ठेवली. बुधीला पुढे वाकायला लावलं, श्वास सोडायला लावला. पाच मिनिटं तरी गेली असतील. शेवटी त्यांनी नळ्या कानातून काढून गळ्यात अडकवल्या आणि म्हणाले, "मला जात्याची घरघर अजून येते. फुंकर येत नाही. कधीपासून येत नाही, ते माहीत नाही."

चांगुणापुढे ते मातीतच बसले. "बाई, मी चुकलो. झडप थोडी गळते. आजची सुई घ्यायची आणि पुढेही घ्यायची."

चांगुणा शिव्या देईल असं मला वाटलं होतं. तिने नुसतं विचारलं, "मंग लगीन?"

"मी बोलतो त्यांच्याशी," डॉक्टर म्हणाले.

आणि पुढच्या रविवारी खरंच आले. सुटीच्या दिवशी, विद्यार्थ्यांशिवाय. मी आणि चांगुणा बरोबर. मुरबाडपर्यंत एस.टी., पुढे काळीपिवळी, मग तासभर पायवाट. साठीचा माणूस, पायात कॅनव्हासचे बूट. मुलाच्या अंगणात बसल्यावर त्यांनी सगळं उघड सांगितलं. पोर चांगली आहे, काम करील, संसार करील. सुई मात्र चुकवायची नाही आणि बाळंतपण दवाखान्यातच. "आणि मी आधी बंद म्हणालो होतो ती चूक माझी. माझा कान गेलाय. पोरीकडच्यांनी तुमच्यापासून काही लपवलं नाही."

मुलाचा बाप बिडी ओढत ऐकत होता. मला धाकधूक. त्याने बिडी विझवली आणि विचारलं, "सुय कितव्या दिसाला?"

"तिसऱ्या बाजाराला."

"मंग त्यात काय," तो म्हणाला. "बाजाराला तर आमी जाताच."

चांगुणाचा जीव भांड्यात पडला. येताना ती वाटभर बडबडत होती. डॉक्टर मागे राहून चालत होते.

लग्न झालं. मुरबाडकडच्या नर्सबाईला मी सगळं समजावून दिलं, बुधीची सुई तिकडे सुरू झाली. पण डॉक्टरांनी त्यानंतर स्टेथोस्कोप हातात धरला नाही. मंगळवारी यायचे, सतरंजीवर बसायचे, आणि विद्यार्थ्यांना म्हणायचे, "बाई ऐकतील, मग तुम्ही ऐका, मग मला सांगा." कॉलेजात तर म्हणे त्यांनी भर वर्गात ही सगळी हकीकत सांगितली, नाव-गावासकट. किती पोरांच्या फुंकरी निसटल्या असतील ते शोधायला आमची सगळी यादी त्यांनी पुन्हा तपासून घेतली. आणखी दोघं निघाली. त्या दोघांच्या घरीही जाऊन आले. असं कोण करतं? मी इतके डॉक्टर बघितले, एकाच्या तोंडून कधी चुकलो म्हणून ऐकलं नाही.

मग रिटायर झाले. येणं विरळ झालं, थांबलं. मुलाकडे दूर राहायला गेले. सुया चालूच राहिल्या, कार्यक्रम सरकारी झाला, मीही सुपरवायझर होऊन मुरबाडला गेले. पण तिसरा मंगळवार आला की माझं मन अजून थाऱ्यावर राहत नाही. जीप थांबल्याचा आवाज आला की मान वळते. त्यांच्यासारखं मला कोणी रागावलं नाही आणि त्यांच्याइतकं कोणी मानलंही नाही. ते वारल्याचं मला त्यांच्या एका विद्यार्थ्याने फोनवर सांगितलं, महिनाभराने. मी डबा खात होते, तो तसाच झाकून ठेवला.

त्याआधी डॉक्टर एकदाच आले होते. न कळवता, मुरबाडला, बाजाराच्या दिवशी. कानात मशीन, हातात काठी. त्यांच्याशी मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि मला मोठ्याने बोलायला कधी कष्ट पडले नाहीत. चहा झाला. मग त्यांनी विचारलं, "बुधी कशी आहे?"

मी म्हटलं, तुम्हीच बघा, आज तिचा बाजार आहे. आत्ताच सुई घेऊन गेली.

आम्ही रस्त्यापर्यंत आलो तोवर ती बरीच पुढे गेली होती. डोक्यावर तांदळाचं गाठोडं, कडेवर धाकटं, थोरला पदर धरून. बाजारातून त्यांच्या वाडीकडच्या काळीपिवळीच्या थांब्यावर जाताना एक उभा चढ आहे, चांगली तरणीताठी माणसंही मध्यावर कमरेवर हात ठेवून उभी राहतात. मी हाक मारायला तोंड उघडलं. डॉक्टरांनी माझा हात धरला.

"नको," ते म्हणाले. "हाक मारलीत तर थांबेल. बघू दे मला."

ते काठीवर दोन्ही हात ठेवून बघत उभे राहिले. बुधी चढाच्या मध्यावर आली. तिथे तिने कडेवरचं पोर एका बाजूचं दुसऱ्या बाजूला घेतलं, थोरल्यावर काहीतरी खेकसली, आणि तशीच चालत वर गेली. थांबली नाही.